कंपनीचं चिन्ह

नव्या टी-शर्टला छपाईच्या शाईचा वास आला की मला बालाघाटमधली ती दुपार आठवते. आमचे हे दुकानात टी-शर्टांवर बुटांच्या एका नावाजलेल्या कंपनीचं चिन्ह छापायचे. त्याला परवानगी लागते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या दुपारी कंपनीचा वकील पोलिसांना घेऊन आला. "इजाजत ली थी?" त्यानं विचारलं. "चांगलं दिसते म्हून छापलं, साहेब," हे म्हणाले. पोलिसांनी मालासोबत यांनाही नेलं. शेजारचे दुकानदार आपापल्या दारातून पाहत राहिले; कुणी जवळ आलं नाही. जामिनावर सुटल्यावर हे घराबाहेर पडेनात. "लोकं मले चोर समजतात," एवढंच म्हणायचे. पुढं समझोता होऊन केस मिटली, पण हे माणसांत परतले नाहीत. ते गेल्यापासून दुकान मीच उघडते. शेजारचे आता चहाला बोलावतात. मी हात जोडून नको म्हणते.