अंतर मोजायचं की स्वर शोधायचा

‘गटात न बसणारं पद ओळखा.’ हे वाक्य आजही कुठे छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं.

गोंदिया वेगळा झाल्यावर आमच्या भंडारा जिल्ह्यात पोलीस भरतीच्या जागा मोजक्याच निघायच्या. मी पवनीच्या विणकराची मुलगी. लाखनीला मामाकडे राहून क्लासला जायचे. हायवेवरच्या ट्रकांपेक्षा आमच्या सरांचा आवाज मोठा. एक दिवस त्यांनी फळ्यावर चार गट लिहिले: बी-डी-जी, एच-जे-एम, एम-ओ-आर, क्यू-एस-टी. पुस्तकात पाहून म्हणाले, उत्तर एम-ओ-आर, कारण स्वर त्या एकट्यातच आहे.

माझा हात वर गेला. बाबा मागाच्या फणीत दोरे ओवायचे, तेव्हा एक घर चुकलं तरी लुगडंभर रेघ उमटायची. म्हणून माझी नजर आधी सुटलेल्या घरांवर जाते. बीपासून डी दोन घरं पुढे, डीपासून जी तीन. पहिले तिन्ही गट असेच चालतात. क्यू-एस-टी मात्र दोन घरं जाऊन मग एकच पाऊल टाकतो.

“सर, क्यू-एस-टी येते न. आधी अंतर पाहा लागते.”

“पुस्तक छापणाऱ्याले अक्कल नाई, अन् तुलेच आहे का? बाहेर हो. एम-ओ-आर म्हणशील तवाच आत ये.”

मी ते म्हटलं नाही. तासभर व्हरांड्यात उभी राहिले, कान रागाने तापलेले. कोंढा गावची माझी मैत्रीण खिडकीतून कुजबुजली, “म्हणून टाक न. कायले डोकं लावून राहिली?” मी तिच्यावरही खेकसले.

परीक्षेत अक्षरं बदलून तोच प्रश्न आला. पेन अंतराच्या पर्यायावर नेलं आणि सरांचा आवाज कानात वाजला. छापील पुस्तक, सगळा वर्ग एका बाजूला, मी एकटीच शहाणी? स्वराचा गोल काळा केला. उत्तरतालिकेत अंतर होतं. माझं नाव यादीतून एका गुणाने गेलं.

तणतणत क्लासला गेले. सर नव्या मुलांना सांगत होते, “आधी अंतर पाहाचं. मी पहिल्यापासून हेच सांगून राहिलो.”

“खोटं बोलून राहिले तुम्ही! तुमच्यामुळं माहा गुण गेला!” मी दारातूनच ओरडले.

त्यांनी शांतपणे खडू खाली ठेवला. “मंग तू काहून नाई लिवलं?”

चोराच्या उलट्या बोंबा! मी दार आपटून तशीच परत फिरले.

त्याच आठवड्यात मैत्रीण पेढे घेऊन आली. तिचं नाव लागलं होतं. मला तिचंही तोंड पाहवेना. ती मात्र माझा हात धरून म्हणाली, “तो अक्षराचा प्रश्न तुझ्यामुळं बरोबर आला माहा. तू तासभर व्हरांड्यात उभी राहिली, पण उत्तर बदललं नाई. म्हटलं, हेच खरं असन.”

पेढा माझ्या हातातच राहिला. “मी बदललं,” मी म्हणाले.