मामींची हळद आणि माझ्या चार गाठी

माझ्या सासूबाई दुपारी बारा ते चार कुणासाठीही उठत नाहीत. एकदा दारासमोर जीप उलटली होती. तेव्हा तोंडावरचा पदरही न काढता त्यांनी विचारलं होतं, "कुणाला लागलं का?" कुणाला लागलं नव्हतं. "मंग चारला बघते," म्हणाल्या आणि कूस बदलली.

मी हिंगोलीत एका शाळेवर खेळाचा मास्तर, वर स्काऊटचाही. अठरा वर्षं गळ्यात शिट्टी घालून "आळस झटका!" असं ओरडत आलेला माणूस. अशा माणसाला मे महिन्यात, सिद्धेश्वर धरणाजवळच्या सासुरवाडीत, सासूबाई (मी त्यांना मामी म्हणतो) भर दुपारी ओसरीवर घोरताना दिसल्या की त्याचे हात शिवशिवतात. कामासाठी हो!

त्यात गेल्या उन्हाळ्यात हळद उशिरा शिजवलेली. अख्खं अंगण हळकुंडांनी भरलेलं. याच हळदीवर मामी घराला स्लॅब टाकणार होत्या. पत्र्याखाली तीस उन्हाळे काढले होते त्यांनी. वाळताना हळद भिजली की काळी पडते, मग बाजारात तिला कुणी विचारत नाही. एवढं सगळं अंगणात पसरून ही बाई झोपते कशी?

"अहो, ती पहाटं साडेतीनला उठती," बायको म्हणाली. "धुणं, शेणघाण, भाकरी, हळद खालीवर करणं, सगळं दहाच्या आत. तुमी उठता आठला."

"सुट्टी आहे म्हणून!"

"मंग दुपारी बी झोपा की! उन्हात काहून मरून राहिले?"

तीही जाऊन झोपली. घरात जागा असा मी एकटाच उरलो. मनात म्हटलं, मामी हळद सकाळ-संध्याकाळ हलवतात, आपण भर उन्हात हलवली तर चार दिवस आधी वाळेल! धोतर नाही म्हणून पँट खोचली आणि उतरलो अंगणात. पाचव्या मिनिटाला तळपाय भाजले, दहाव्या मिनिटाला टाळू.

पण स्काऊट हार मानत नाही. भिंतीला निळी मोठी ताडपत्री घडी घालून ठेवली होती. मी तिचा मांडव केला! एक दोर कडुनिंबाला, एक हापशाला, एक फाटकाच्या खांबाला आणि चौथा शेजारच्या रामरावांच्या ट्रॅक्टरला. गाठी अशा मारल्या, की जितकं ओढाल तितक्या आवळतील. मग त्या गार सावलीत मी तासभर हळद खालीवर केली. (ऊन लागावं म्हणून पसरलेल्या हळदीवर आपणच सावली धरली आहे, हे तासभर माझ्या ध्यानात आलं नाही. मी मुलांना शिकवतो, हे कृपया विसरा.)

तासाभरानं डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन मिनिटं म्हणून हळदीतच पाठ टेकली.

"पावणं, ताडपत्री कुठाय?"

डोळे उघडले तर समोर मामी! घड्याळात सव्वातीन. जीप उलटली तरी न उठलेली बाई सव्वातीनला पदर खोचून उभी!

"वारा फिरला," त्या म्हणाल्या. "पाऊस येऊन राहिला. हळद झाका लवकर! ताडपत्री?"

मी बोट वर केलं. मामींनी वर पाहिलं. बायको धावत आली, तिनंही वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेबद्दल मी काही लिहिणार नाही, हा लेख घरात वाचला जातो.

धरणाच्या अंगानं आभाळ काळंकुट्ट झालेलं. ताडपत्री वाऱ्यानं टम्म फुगली. बायको हापशाच्या गाठीशी झटत होती, गाठ आवळत होती. मी उठलो आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन बसकण मारली. तेवढ्यात ट्रॅक्टर हलवायला रामराव आले.

"कोण्या गाढवानं बांधलं रे हे माझ्या..." त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे, पावणं व्हय! गाठ लई मजबूत हाय बरं का, मास्तर!"

(आमच्याकडे जावयानं घर पेटवलं तरी लोक म्हणतात, उजेड छान पडला.)

मामींनी आतून विळा आणला. कडुनिंब, हापसा, खांब, ट्रॅक्टर. चार गाठी, चार फटके! ताडपत्री धपकन हळदीवर पडली. मध्ये मी होतो, माझ्यावरही पडली. त्याच क्षणी पाऊस कोसळला.

"कडंला दगड ठेवा!" बाहेरून मामींचा आवाज.

"आई, हे आत राहिले!"

"ऱ्हाऊ दे. तेवढंच वजन!"

अर्धा तास मी हळदीवर पालथा पडून होतो. वरून पाऊस, खालून वाफ. विचार करायला वेळच वेळ होता. या बाईनं रोज दुपारी चार तास अंगात ताकद साठवली आणि या दहा मिनिटांत ती पुरेपूर वापरली. मी दुपारभर ताकद उधळली आणि आता दगडाची ड्यूटी करत होतो. खरं सांगतो, इतकं कौतुक मला कुठल्या खेळाडूचं वाटलेलं नाही. मी पडल्या पडल्या सलाम ठोकला.

पाऊस थांबला. ताडपत्री उचलली. मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा!

"पावण्याचं दुसरं लगीन हाय का काय?" रामराव.

मामी मात्र खाली वाकून हळदीत हात घालत होत्या. कडेला कोरडी, कोपऱ्यांत कोरडी. फक्त मधोमध एका माणसाच्या आकाराची ओल.

"एवढं झाकून पाऊस हितं कसा शिरला?" रामरावांना कळेना.

"पाऊस न्हाई," मामी शांतपणे म्हणाल्या. "पावण्याचा घाम हाय." आणि तेवढी हळद वेगळी वाळायला टाकली.

दुसऱ्या दिवशी बाराला मामींनी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला एक चटई अंथरली. "पावणं, एक काम सांगू का?"

लग्नाला अकरा वर्षं झाली, मामींनी जावयाला पहिल्यांदाच काम सांगितलं! मी बाह्या सरसावल्या. "सांगा मामी!"

"चार वाजेपर्यंत हितं पडून ऱ्हायचं. कशालाच हात लावायचा न्हाई."

मी पडून राहिलो. सुट्टी संपेपर्यंत रोज. हळद झकास वाळली, दिवाळीआधी स्लॅबही टाकून झाला. सासुरवाडीत मी आजवर बरीच कामं केली, पण मागाहून कुणाला निस्तरावं लागलं नाही असं काम हे एकच.