नवसाचे बूट

कोपरगाव म्हणजे कोल्हापूरच्या शेजारचंच एखादं गाव असणार, असं आमच्या कोचने परस्पर ठरवून टाकलं होतं. माणूस परदेशी, त्याला काय सांगणार? "तू तिकडेच आहेस ना, मग जरा जाऊन बघून ये," असं तो फोनवर इतक्या सहज म्हणाला, की जणू मला शिवाजी पेठेतून मंगळवार पेठेत जायचंय. मी नकाशा उघडून दाखवणार होते, पण फोनवर नकाशा कसा दाखवायचा? बॅग भरली आणि पुण्याची गाडी पकडली.

मी एका फुटबॉल संघाची फिजिओ. देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये आमचा संघ खेळतो, म्हणजे खेळायचा. यंदा हंगाम सुरू होणार की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आज होईल, उद्या होईल, करता करता पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. मैदानं हिरवीगार आणि आम्ही सगळे घरी. मी कोल्हापुरात बसून होते आणि घरच्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते. माझ्या पायाला भिंगरी. एका जागी राहायची सवयच नाही. आणि मग एकदम निरोप आला की हंगाम होणार, छोटा होणार, पण होणार. शनिवारी सगळ्यांनी शिबिरात हजर व्हायचं, वैद्यकीय तपासणी द्यायची, जो पास होईल त्याचंच नाव यादीत.

सगळ्यांनी होकार कळवला. फक्त आमचा डावा बचावपटू दत्तू याचा फोन बंद. शेवटचं बोलणं झालं तेव्हा "पायाला जरा लागलंय" एवढंच तो कोचला म्हणाला होता. दत्तू आता तेहेतिशीचा. त्याच्या जागेवर विशीतला एक पोरगा टपून बसलाय. या हंगामाला दत्तू मुकला तर पुढच्या हंगामाला त्याला कुणी विचारणार नाही, हे तो जाणून होता, मी जाणून होते आणि तो पोरगाही जाणून होता. तरी फोन बंद. माझं डोकं फिरायचंच बाकी होतं.

पुण्याहून जी पहिली गाडी दिसली तिच्यात बसले, ही माझी नेहमीची खोड. गाडी नगरवरून निघाली. नगरच्या स्टँडवर वडापाव खाल्ला, पुढे राहुरीपासून उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरून गेला. एकामागे एक जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवरून रस्त्यावर लोंबणारं वाढं (उसाचा हिरवा शेंडा) आणि मागे आमची गाडी बैलगाडीच्या चालीने. शेजारी बसलेल्या काकांनी कुठे, कशाला, असं सगळं विचारून घेतलं.

"फुटबॉल? नगर जिल्ह्यात?" ते म्हणाले. "आमच्याकडं कबड्डी हाय, कुस्ती हाय. फुटबॉल काय आमच्या मातीतला न्हाई."

"आमच्या कोल्हापुरात कुस्ती करून संध्याकाळी फुटबॉल खेळतात," मी म्हटलं. त्यावर काकांनी शिर्डी येईपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस मोजला.

शिर्डीत गाडी रिकामी झाली. ती पुढे जाणारच नव्हती, हे मला तिथे उतरल्यावर कळलं. दुसरी गाडी शोधत होते तर एका हारवाल्या बाईने गुलाबाचा हार जवळजवळ माझ्या गळ्यातच घातला.

"दर्शनाला नाही आले हो मी."

"मग शिर्डीत उतरलात कशाला?" ती म्हणाली.

हार घेतला आणि रिक्षाने कोपरगाव गाठलं.

दत्तूचं घर गावाबाहेर, साखर कारखान्याच्या बाजूला. हवेत मळीचा (साखर करताना उरणारा काळा पाक) आंबूस गोड वास इतका दाट होता, की पाणी प्यायलं तरी गोड लागत होतं. दत्तूचे वडील या कारखान्यात बॉयलरवर होते. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दारात त्याची वहिनी भेटली. मी कोण ते सांगताच तिने आधी पाट मांडला, मग बोलायला लागली.

"भाऊजी घरी न्हाईत. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, आन् ते चालत गेल्यात. चार दिस झाले."

"चालत? कुठे?"

"कळसूबाईला."

तिने शेंगोळ्यांचं (हुलग्याच्या पिठाचे हातावर वळलेले, तिखट रश्शात शिजवलेले तुकडे) ताट पुढे केलं आणि सगळी हकिगत सांगितली. दत्तूच्या आईचं माहेर अकोले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. हंगाम लांबत चालला, लेक दिवसभर मोबाईलकडे बघत बसायला लागला, जेवेनासा झाला, तेव्हा आईने कळसूबाईला नवस बोलला. हंगाम लागू दे, लेकाला घरापासून तुझ्या पायथ्यापर्यंत अनवाणी आणीन, त्याचे बूट तुझ्यापुढे ठेवीन. तोवर त्याच्या पायाला वहाण लागणार नाही. आणि नेमका हंगाम लागला.

शेंगोळे अप्रतिम होते. पण माझं लक्ष ताटात नव्हतं. ज्या पायांवर संघाने वर्षानुवर्षं बर्फ, मलम आणि माझी बोटं झिजवली, ते पाय डांबरावरून अनवाणी चालले होते, तेही तपासणीच्या आठवड्यात.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळीच संगमनेरची जीप धरली. वाटेतल्या तळेगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटलेली. सगळा रस्ता उसाने झाकलेला, माणसं निवांत ऊस सोलून खात उभी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मलाही एक कांडकं आणून दिलं. मी ते रागारागाने खाल्लं, मग बॅग पाठीला लावून उसावरूनच पलीकडे चालत गेले आणि तिथून दुसरी गाडी पकडली. संगमनेर, अकोले. अकोल्यानंतर देश बदलतो. ऊस मागे पडतो, कापलेल्या भाताची खाचरं दिसायला लागतात, डोंगर जवळ येतात, हवा एकदम हलकी होते. एरवी मी खिडकीला डोकं टेकवून बघत बसले असते. त्या दिवशी मी फक्त रस्त्यावरचे पाय बघत होते.

घाटात ते दिसले. पुढे ठेंगणी, डोक्यावर पदर घेतलेली बाई, मागे उंच दत्तू. पायांत काही नाही, गळ्यात लेसने बांधलेले बूट. "थांबवा, थांबवा," म्हणून मी कंडक्टरचा जीव खाल्ला आणि उतरले.

मला बघून दत्तूने मान खाली घातली.

"फोन का बंद ठेवलास?"

"काय सांगू कोचला, मॅडम? नवसाला इंग्रजीत काय म्हणतात?"

तिथेच कठड्यावर बसवून मी त्याचा पाय मांडीवर घेतला. टाच फुटलेली. आणि अंगठ्याखाली, जिथून चेंडूला खरा जोर मिळतो, तिथे बाभळीचा काटा मोडून आत राहिलेला. भोवती सूज. काटा काढला, जखम धुतली. त्याची आई शेजारी उभी राहून माझे हात बघत होती.

"मावशी," मी म्हटलं, "हा अजून एक दिवस चालला तर परवा डॉक्टर याला दारातूनच परत पाठवतील. आत्ताच्या आत्ता याला खाली गाडीत बसवते. हंगाम अजून कुठे सुरू झालाय? नुसती तारीख ठरलीये. पहिला सामना झाला की मग आणा याला, हवं तर मी आणते."

मला वाटलं, बिनतोड बोलले. मावशीने पदर सारखा केला.

"बाई, बॉयलर पेटला की हंगाम लागला. ऊस मागून पडतो गव्हानीत (कारखान्यात ऊस टाकायची जागा). ह्याचा बाप बॉयलर पेटायच्या दिशी उपास धरायचा, पयली मोळी पडली म्हंजे सोडायचा. बोलावनं आलं, म्हंजे बॉयलर पेटला. आता देवीला तारखा सांगू का मी?"

"तुम्हाला याचं खेळणं हवंय की नवस?"

हे मी बोलायला नको होतं. उत्तर दत्तूनेच दिलं.

"मॅडम, माझा नाही विश्वास यावर. पण इतके महिने मी काय केलं? फोन बघितला. क्लब गप्प, लीग गप्प, कुणी म्हणायचं होईल, कुणी म्हणायचं नाही. सगळ्या घरात एकटी आईच माझ्यासाठी काहीतरी करत होती. आता माझी पाळी आली तर मी गाडीत बसू?"

त्याचंही खरं होतं, त्यामुळे माझी चिडचिड आणखीनच वाढली. घाटात वारा सुटला होता आणि घड्याळ पुढे चाललं होतं. मी वैतागून म्हटलं, "अरे, पण खेळात तरी एकच माणूस शेवटपर्यंत पळतो का? पाय गेला की बदली खेळाडू येतोच ना? का लंगडत राहायचं संघाच्या जिवावर?"

मावशीने माझ्याकडे बघितलं.

"कारखान्यातबी बदली असतो," ती सावकाश म्हणाली. "फकस्त तो आल्याबिगर जागा सोडायची न्हाई. बॉयलर एकटा ठिवायचा न्हाई."

आणि तिने वाकून आपल्या चपला काढल्या, पिशवीत टाकल्या.

दत्तू उठून उभा राहिला. "आई, तू नाही. तुझे गुडघे..."

"बोलले कोन हुते? मी. मग मी चालले तर देवीला काय वावगं वाटायचं न्हाई. बूट दे हिकडं."

"मी नाही जाणार."

तेव्हा त्या बाईने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. लेकाचे सगळे सामने तिने मोबाईलवर बघितलेले. ती रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याशी जाऊन ताठ उभी राहिली आणि तिने दोन्ही तळवे वर धरले. मैदानात येणारा बदली खेळाडू रेषेवर उभा राहून धरतो ना, अगदी तसे. आतला खेळाडू येतो, त्या तळव्यांवर टाळी देतो आणि मगच बाहेर पडतो.

दत्तूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो लंगडत आला, आईच्या हातांवर टाळी दिली, गळ्यातले बूट काढून तिच्या गळ्यात घातले.

"ते पोचले देवीपुढं की मग पायात काय ते घाल," ती म्हणाली. "तवर अनवानीच राहा. ही पट्टी चालंल. पट्टी काय चप्पल न्हाई."

खाली जाणारी काळीपिवळी (शेअर जीप) थांबवून मी त्याला बसवलं. मी त्याच्याबरोबर जाणार होते, माझं काम झालं होतं. पण मावशी मागे न बघता चालायला लागली होती, गळ्यात लेकाचे बूट हिंदकळत होते. मग माझा पाय निघेना. दत्तूला म्हटलं, "तू हो पुढे, फोन चालू ठेव," आणि मी तिच्या मागे गेले.

माझं देवाशी फारसं येणं-जाणं नाही. पण माझ्या पायात जाड तळव्यांचे स्पोर्ट्स शूज आणि शेजारी ती बाई अनवाणी, हे फार वेळ सहन झालं नाही. पहिल्या वळणावर मी शूज काढले. दुसऱ्या वळणावर पस्तावले. मावशी हसली, एवढंच. रात्र राजूरला तिच्या मावसबहिणीकडे काढली. सकाळी भंडारदऱ्याच्या बाजूने निघालो. धरणाचं पाणी थंडीत वाफाळत होतं आणि पर्यटकांच्या गाड्या आमच्याकडे बघत जात होत्या. वाटेत एका घरात नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळालं. गळ्यात बूट अडकवलेल्या म्हातारीला तिथे कुणी काही विचारलं नाही. नवस असणार, हे त्यांना दिसतच होतं. प्रश्न मलाच पडत होते, आणि चालून माझे तळवे सुजले होते.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावी, देवळात पोचलो. मावशीने बूट देवीपुढे ठेवले. माझ्या बॅगेत शिर्डीचा तो हार होता, पार चुरगळलेला. तो मी पुढे केला, तिने तोही वाहिला. मग म्हणाली, "लाव फोन."

दत्तूने पहिल्याच रिंगला उचलला. मागे विमानतळाचा गोंगाट होता.

"पोचलो. घाल," मी म्हटलं.

तो म्हणाला, "सगळे माझ्या पायांकडे बघत होते, मॅडम."

मावशीने देवीपुढून उचलून परत दिलेले नवसाचे बूट घेऊन मी त्याच्या मागून एका दिवसाने शिबिरात पोचले. तपासणीत डॉक्टरांनी अंगठ्याखालची जखम बघितली, दाबली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पास केलं. पहिल्या सामन्यात डाव्या बाजूला तो विशीतला पोरगा खेळला. सामना संपत आला तेव्हा कोचने दत्तूला उठवलं. तो रेषेवर उभा राहिला, दोन्ही तळवे वर धरून. मी बाकावर होते. मला समोरचं काही नीट दिसेना.

कोल्हापूरकरांनो, नगर जिल्ह्यात जाऊन काय बघितलंस, असं तुम्ही विचाराल. शिर्डीचा कळस मी गर्दीतून बघितला, भंडारदरा लंगडत बघितला आणि कळसूबाईवर तर चढलेच नाही. एवढी वर्षं मी दुसऱ्यांना पळतं ठेवायचं काम करते आणि स्वतःही पळतच असते. त्या घाटात पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणाच्या चालीने चालले.

सामना संपल्यावर मावशीचा फोन आला. मी म्हटलं, दत्तूला देते. ती म्हणाली, "त्याला बगितलंय मी मोबाईलवर. बरा हाय तो. तुजे पाय कसे हायेत, बाई?"

दिवसभर मी पायांबद्दलच विचारत असते, ह्याचे कसे आहेत, त्याचे कसे आहेत. मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी ड्रेसिंग रूमच्या दाराशी मोजे काढून खाली बसले आणि रडत रडत तिला सांगायला लागले.