दोरीने बांधलेला खोका

मंडळी, घरी पोचल्या पोचल्या पोस्ट टाकतोय. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी आम्ही तिघं जर्मनीला चाललोय. तिकडे आमच्या ओवीएवढ्या, चार वर्षांच्या मुलीला चाइल्ड सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही, म्हणून आज दुपारी वाकडहून नवी सीट घेतली. परदेशात न्यायची वस्तू, इथे कशाला मळवायची, म्हणून खोका उघडलाच नाही. डिकीत ठेवला.

"नीट बांधलास ना? आदळून खराब व्हायची," बायको म्हणाली.

"दोरीने बांधलाय गं."

तिथूनच चाकणला सासुरवाडीला निघालो. ओवी नेहमीसारखी आमच्या दोन सीटांच्या मधे उभी. पुढच्या ट्रेलरने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. ओवी माझ्या खांद्याला घासून पुढे गेली. बायकोच्या हातात तिचा फ्रॉक आला म्हणून डोकं काचेपासून वीतभर लांब राहिलं.

गाडी बाजूला घेतली. का कोण जाणे, डिकी उघडून बघितली. खोका जागचा हलला नव्हता.

तिथेच तो फाडून सीट बसवली. चाकणला पोचल्यावर सासरे ती बघून हसले. "हितं कोण पावती फाडतंय, जावईबापू?"

येताना रावेतच्या सिग्नलला शेजारच्या गाडीत पुढे आईच्या मांडीवर एक बाळ उभं होतं. काचेला दोन्ही तळहात लावून ओवीकडे बघत होतं. सिग्नल सुटला आणि ती गाडी सुसाट गेली.

मी काच खाली करून बोलायला हवं होतं का? तुम्ही बोलला असतात?