दुसरी बॅटरी

वडिलांचं ऑक्सिजन मशीन गाडीत चालावं म्हणून पिंपळगावला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एकाकडून मी दुसरी बॅटरी बसवून घेतली. त्याने रिलेचं सर्किट स्वतः जोडलं. इंजिन चालू होऊन पहिली बॅटरी भरली की मगच दुसरी जोडली जायची, व्होल्टेज उतरलं की सुटायची; मशीन दुसरीवरच चालायचं, म्हणून गाडी चालू करणारी पहिली कधी उतरायची नाही. प्रत्येक वायर तो दोनदा ओढून पाहत होता.

“दादा, झालं ना?” मी विचारलं.

“थांबा. माझ्या आईला असंच मशीन लावून दवाखान्यात नेताना मी ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद केलं. बॅटरी एकच, मशीननं ती उतरवली, गाडी परत चालूच झाली नाय. आई रस्त्यातच गेली.”

वडील पुढे आठ महिने जगले. गाडी कधी अडली नाही. ते गेल्यावर त्याला सांगायला गेलो, तेव्हा हातातलं काम खाली ठेवून त्याने विचारलं, “घरीच गेले ना?”

“हो.”

त्याने डोळे मिटले. “लय बरं झालं,” एवढंच म्हणाला.