ढोलकी वाजवणाऱ्या सशाचा पत्ता

कल्याण पश्चिमेला, चौथ्या मजल्यावरच्या एका घरात, एका बापाने माझ्या गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा मुठीत धरला आणि मला भिंतीवर आदळलं. डोकं इतकं जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुम्हीच पाहून आलेलात ना?" तो म्हणत होता. "अ‍ॅपवर लिहिलंय ना, तपासलेला विक्रेता? मग काय तपासलंत? काय तपासलंत तुम्ही?"

माझं काम सांगायला सोपं होतं. ऑनलाइन माल विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी विक्रेत्यांचे पत्ते तपासायचे. दिलेल्या पत्त्यावर जायचं, पाटी, माल, कागद बघायचे, फोटो काढायचे, आणि अ‍ॅपमध्ये 'आहे' किंवा 'नाही' भरायचं. तक्रार आली तर गिऱ्हाइकाच्या घरीही मलाच पाठवायचे, तशीच मी कल्याणला गेले होते. खेळणी विकणारे सगळे माझ्याच वाट्याला यायचे, कारण त्याआधी अकरा वर्षं मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, फेज टूमधल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात माल तपासायला होते. कारखाना बंद पडला, पण बोटांना सवय राहिली. खेळण्याची कड अंगठ्याने चाचपली की साचा नवा की झिजलेला, हे मला कळायचं. वासावरून प्लास्टिक ताजं की भंगारातून वितळवलेलं, तेही.

त्या घरातलं खेळणं म्हणजे ढोलकी वाजवणारा ससा. पोटावर दाबलं की गाणं लागायचं आणि हात हलायचे. आत बटणाएवढे तीन चपटे सेल. अशा खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू असावाच लागतो, म्हणजे पोराच्या हाताने ते उघडत नाही. या सशाला नव्हता. नुसतं खाचेत सरकवलेलं झाकण होतं. घरातल्या दीड वर्षाच्या मुलीने ते उघडलं आणि एक सेल गिळला. तिला ताप आला, ती लाळ गाळायला लागली, दूध पिईना. घसा धरला असेल म्हणून आईबाप एक दिवस थांबले. तेवढ्या वेळात त्या सेलने तिची अन्ननलिका आतून भाजून काढली होती.

बापाने माझा पट्टा सोडला. आत जाऊन एक पिशवी घेऊन आला आणि माझ्या पायाशी उलटी केली. सशाचे तुकडे होते. त्याने तो वरवंट्याने ठेचला होता. कान, ढोलकी, तारा, सगळा चुरा. बरोबर चपटं केलेलं खोकं.

"यातनं शोधा," तो म्हणाला, "हा आला कुठनं."

मी जमिनीवर बसून तुकडे गोळा केले. एक तुकडा बोटात घुसला. खोक्यावर विक्रेत्याचं नाव वाचलं. टिटवाळ्याचा पत्ता. आठ महिन्यांपूर्वी तिथे मीच गेले होते. मीच 'आहे' भरलं होतं.

तेव्हाचं सगळं मला आठवत होतं. नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा गाळा, स्वच्छ, रॅकवर ओळीने खोकी. मालकीण म्हणून तिशीतली एक बाई खुर्चीत बसली होती, कागद तिच्याच नावावर. बोलत होता मात्र तिचा नवरा. त्याने मला चहा पाजला. मी दोन खेळणी उघडून पाहिली, दोन्ही चांगली होती, झाकणाला स्क्रू, खोक्यावर सरकारी सुरक्षेचा शिक्का. ती दोन मला दाखवायला ठेवली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. बाईने मी असेपर्यंत तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याचंही मला काही वाटलं नाही.

खोक्यावर उत्पादकाचाही पत्ता होता, डोंबिवलीचा. प्लॉट नंबर वाचल्या वाचल्या मला कळलं की हा खोटा आहे. त्या रस्त्याने मी अकरा वर्षं डबा घेऊन चालत गेलेली. त्या प्लॉटवर गाड्या धुतात. तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं. पाण्याचा फवारा मारणाऱ्या माणसाला विचारलं, "इथे खेळणी बनतात?" तो हसायला लागला. मी त्याच्यावर अशी खेकसले की त्याने पाइप खाली टाकला. रागाची सुरुवात तिथूनच झाली होती. ऑफिसला फोन केला तर साहेब म्हणाले, "तुम्ही फक्त फोटो घ्या आणि या. बाकी आमची टीम बघेल." मी बरं म्हटलं आणि टिटवाळ्याला गेले.

गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत ती बाई एकटीच. मला ओळखलं तिने. पदराने हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "हे बाहेर गेलेत. यांनाच विचारा काय ते."

तक्रारीसोबत आलेला त्या मुलीचा दवाखान्यातला फोटो मी मोबाईलवर उघडला आणि तिच्यासमोर धरला. नाकात नळी, हात पट्टीने फळीला बांधलेला. आज मला वाटतं, तो फोटो असा एकदम समोर धरणं हीसुद्धा एक मारहाणच होती.

"हे काय झालं हिला?"

"तुमच्या सशातला सेल गिळलाय. दुकान तुमच्या नावावर आहे. पोलीस आले तर तुम्हाला नेतील."

ती मटकन खाली बसली. "माझ्या नावावर? ते तर बचत गटाचे कागद म्हणून सही घेतलेली यांनी. ताई, आईशप्पथ, मला इंग्लिश वाचता येत नाही."

मग ती उठली आणि न विचारताच मला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे खिडकी बंद होती. थिनरचा वास इतका की डोळ्यांतून पाणी आलं. छतापर्यंत गोण्या रचलेल्या, एकाही गोणीवर नाव नाही. एक गोणी उसवलेली होती. आत ससे, प्रत्येक सशाच्या तळाला परक्या लिपीतली एक चिकटपट्टी. ती बाई दिवसभर तीच पट्टी थिनरच्या बोळ्याने खरवडायची आणि त्या जागी दुसरी लावायची. नव्या पट्ट्यांची रिळं टेबलावर होती, त्यावर डोंबिवलीचा पत्ता आणि शिक्का छापलेला. तिची बोटं मी तेव्हा पाहिली. टोकांची कातडी सोलून लाल झालेली, नखं पिवळी.

"गोण्या कुठून येतात?"

"टेम्पो येतो. बंदरावरनं माल सुटतो म्हणतात हे. मला एवढंच ठाऊक." मग तिने एक रीळ माझ्या हातात ठेवलं. "हे न्या. दाखवा कुणाला दाखवायचं ते."

मी फोटो काढत होते तेवढ्यात शटर खाली ओढल्याचा आवाज आला. नवरा आत आला. आधी त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या रिळाकडे, मग बायकोकडे. टेबलावर खोक्यांना चिकटपट्टी मारायचं दातेरी लोखंडी यंत्र पडलं होतं. त्याने ते उचललं आणि तिच्या डोक्यात घातलं.

तिने हात वर केले नाहीत, फक्त डोळे मिटले. तिला हे नवीन नव्हतं. दुसरा फटका भुवईवर बसला आणि रक्त तोंडावर पसरलं. त्याने तिला केसांना धरून गोण्यांकडे फरफटत नेलं. "आत घेतेस?" तो दातओठ खात म्हणत होता. "माझ्या गाळ्यात माणसं घेतेस?"

मी "सोडा तिला!" म्हणून ओरडले. त्याने माझ्या हातातला मोबाईल हिसकावून जमिनीवर आपटला, वरून बुटाने ठेचला आणि मला पोटात लाथ घातली. मी टेबलावर पडले. श्वासच येईना. तो पुन्हा तिच्याकडे वळला आणि तिच्या पाठीत लाथा घालायला लागला.

टेबलावर पार्सलचा वजनकाटा होता, वर पोलादी पत्रा असलेला, चांगला जड. तो मी दोन्ही हातांनी उचलला.

पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला आणि हात पुढे केला. दुसरा त्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो गुडघ्यांवर आला आणि रडायला लागला. तिथे संपलं होतं. तो काही करू शकत नव्हता. मी तिसऱ्यांदा काटा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. त्याचे दोन दात पडले.

"ताई, बस!" ती रक्ताळल्या हाताने माझा कुर्ता ओढत होती. "बस, मरेल तो!"

त्या बाईची दया आली म्हणून मी मारलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आले. पहिल्या दोन फटक्यांपुरतं ते खरं आहे. तिसऱ्याच्या वेळी माझ्यासमोर बाई नव्हती, ती कल्याणची मुलगीही नव्हती. माझ्यासमोर चहाचा कप होता, आठ महिन्यांपूर्वीचा, आणि तो हसून म्हणत होता, "मॅडम, साखर कमी चालेल ना?" त्याने मला बनवलं होतं आणि मी बनले होते. त्या एका फटक्यात मला बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

शटर उघडायला तिनेच मला मदत केली. बाहेर बिल्डिंगमधली माणसं जमली होती. त्यातल्या एका बाईने तिच्या डोक्याला ओढणी बांधली आणि एका रिक्षावाल्याने आम्हाला दवाखान्यात नेलं. तिला नऊ टाके पडले. नवऱ्याला दुसऱ्या रिक्षातून आणलं. आम्ही तिघं एकाच वऱ्हांड्यात बसलो होतो, तो समोरच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून. पोलीस आले तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याचीही तक्रार लिहून घेतली गेली, ती घ्यावीच लागली असती.

मी विचार करत होते की आता ती कच खाईल. बाकावर नवरा बसलेला, डोक्याला टाके, गावी आईबाप. हवालदाराने विचारलं, "बाई, काय झालं ते सांगा." तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. सहीपासून सुरुवात केली, मग गोण्या, थिनर, पट्ट्या, टेम्पो कुठल्या वारी यायचा ते. मारहाणीचं सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही एका वाक्यात.

गाळा सील झाला. टेम्पोवाला सापडला, त्याने भिवंडीकडचं एक गोदाम दाखवलं. तिथे कुलूप होतं, आणि भाडेकरू म्हणून ज्याचं नाव होतं त्या म्हाताऱ्याला आपण गोदाम भाड्याने घेतलंय हेच ठाऊक नव्हतं. शोध तिथे थांबला. ससा समुद्रापलीकडून आला एवढं कळलं. कोणी बनवला, कोणी भरला, ते आजही कोणाला माहीत नाही. महिन्याभराने मी अ‍ॅपवर शोधलं तर तोच ससा होता, वेगळ्या रंगाची ढोलकी, वेगळा विक्रेता, पत्ता घोडबंदर रोडचा. मी तक्रार टाकली. तोपर्यंत माझी नोकरी गेली होती. कर्मचाऱ्याने विक्रेत्याला मारणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मुलगी वाचली. तिच्यावर अजून शस्त्रक्रिया चालू आहेत, पातळच खाते, आवाज घोगरा झालाय. मी एकदा भेटायला गेले होते. बापाने दार उघडलं, मला पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी पुन्हा गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात कल्याणच्या कोर्टात, त्या नवऱ्यावरच्या केसमध्ये माझी साक्ष झाली. माझ्यावरची केस वेगळी चालू आहे. माझ्या भावाने बजावलेलं, "झटापटीत काटा एकदाच लागला असं म्हण. तिथे कॅमेरा नव्हता." नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "किती वेळा मारलंत?"

"तीन," मी म्हणाले.

"तिसऱ्या वेळी माझा अशील काय करत होता?"

"गुडघ्यांवर बसून रडत होता."

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याचा डावा हात अजून नीट वळत नाही. मला वाटलं होतं त्याला बघून पुन्हा राग येईल. आला नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती भेटली. आता ती भावाकडे शहाडला राहते, एका कापडाच्या कारखान्यात धागे कापते. भुवईवरचा व्रण पांढरा झालाय, बोटांना नवी कातडी आलीय.

"तिसऱ्याचं कशाला सांगितलंत ताई?" ती म्हणाली. "मी पोलिसांना सांगितलं नव्हतं."

"का नाही सांगितलंस?"

"मी मोजलेच नव्हते."

तिला दुपारच्या पाळीला पोचायचं होतं. आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो, तिने शेअर रिक्षात पुढची जागा पकडली आणि मागे वळून मला म्हणाली, "जेवून जा हं, उपाशी फिरू नका."