पाठीला पाठ लावून

फेब्रुवारीत वैशाली वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाण्यात?" बाहेर उणे पंचवीस, आमच्या या परदेशी कनाटा गावातलं डबकंसुद्धा गोठलेलं, आणि मी विचारतोय पाण्यात! "नाही हो... ड्राइव्हवेत. शोव्हल करत होते." मी घरातल्या चपलांवरच धावलो. चार घरं सोडून तर राहायचे ते. अँब्युलन्स निघून गेली होती आणि फावडं बर्फात तसंच उभं होतं. नंदू परब जाईल तर समुद्रातच जाईल, या धास्तीत मी इतकी वर्षं काढली की ड्राइव्हवे मला अजून खरा वाटत नाही.

नंदू मालवणचा, मी नागपूरचा. आम्ही पाणी बघितलं ते बादलीत, उन्हाळ्यात तेही नाही. त्याच्या वडिलांची होडी होती आणि जाळ्यात मोरी यायची. मोरी म्हणजे शार्क. मालवणात तिचं झणझणीत मटण करतात, आणि नंदू त्यावर जीव टाकायचा. पण पंचेचाळिशीत त्याच्या डोक्यात किडा शिरला. "आयुष्यभर ताटात बघितली, आता एकदा तिच्या घरी जाऊन बघतो," म्हणाला, आणि मोरी खायचीच सोडली. जायचं तेही पिंजऱ्याशिवाय. पाहुण्याने कधी पिंजऱ्यात बसून जायचं असतं काय, हा त्याचा सवाल. पाण्यात जोडीदार लागतो आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून ही बला माझ्या गळ्यात पडली. एक अख्खं वर्ष त्याने मला आधी पूलमध्ये, मग एका जुन्या खाणीच्या तळ्यात बुडवून काढलं. ऑफिसात दोघांच्याही कानात पाणी असायचं.

मग पूर्वेकडच्या समुद्रावर गेलो. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापासून बरंच आत बोट थांबली. बोटवाल्याने बांगड्याच्या तुकड्यांनी भरलेला क्रेट पाण्यात सोडला, तेलाचा तवंग पसरला, आणि आम्ही वाट बघत बसलो. मारुतीस्तोत्र अर्ध्यावर विसरलो. नियम साधे होते. काळे हातमोजे घालायचे, हात छातीशी धरायचे, कारण पाण्यात हलणारा हात माशासारखा दिसतो. आणि पाठीला पाठ लावून राहायचं, कारण मोरी येते ती न बघणाऱ्याकडे. खाली उतरलो तर सगळीकडे हिरवट अंधुक. मग त्यातून एक निळी लांबट सावली आली. घाई नाही, गडबड नाही, आमच्याभोवती नुसती फिरत राहिली. मग दुसरी, मग तिसरी... एक सरळ माझ्याकडे आली आणि मी डोळे मिटले. हो, मिटले! पाठीमागचा नंदू गर्रकन वळल्याचं जाणवलं, डोळे उघडले तर माझ्या खांद्यावरून त्याचा हात पुढे आलेला आणि तो तिचं नाक तळव्याने हलकेच बाजूला सारत होता. दारात आलेलं वासरू सारावं तसं. वर आल्यावर मी त्याला शिव्या घालणार होतो, पण बघतो तर त्याचे दात वाजत होते आणि थर्मासचं झाकण त्याला उघडता येत नव्हतं. मी डोळे मिटल्याचं कबूल केलं आणि तुला भीती वाटली का, विचारलं. "रे, वाटणार नाय तर काय? पण तू डोळे मिटलंस, मग मी कसे मिटू?"

आता खरं संकट सांगतो. येत्या ऑगस्टच्या बोटीवर त्याने दोन जागा घेऊन ठेवल्या होत्या. एक स्वतःची, एक ऋताची. ऋता त्याची मुलगी, वॉटर्लूच्या विद्यापीठात शिकते, पोहण्यात बापाच्या वरताण. तेराव्यानंतर चार-पाच आठवड्यांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. एक माणूस गेलं, आता पोरीला त्या जनावरांपुढे पाठवू का, म्हणून रडल्या. तुमचं ती ऐकेल, तुम्ही सांगा... मी ऋताला फोन लावला, आडवळणाने चार शब्द सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, आय ॲम गोइंग एनीवे. तू नाही आलास तर बोटवाले माझी जोडी कुणातरी स्ट्रेंजरबरोबर लावतील." त्यानंतर माझी झोप उडाली. डोळा लागला की ती निळी सावली यायची, आणि पाण्यात मी नसायचो, ऋता असायची.

गेल्या रविवारी गेलो तो वहिनींना सांगायला की मी हरलो, पोर ऐकत नाही. त्या बेसमेंटमध्ये होत्या. कपडे धुण्याच्या टबात नंदूचा डायव्हिंगचा सूट बुडवलेला, आणि वहिनी बाह्या वर सारून तो चोळत होत्या. समुद्रावरून आला की तो स्वतः हेच करायचा, गोड्या पाण्यात सगळं मीठ जाईपर्यंत. कोपरांना आणि गुडघ्यांना सूट अजून वाकलेलाच होता, आत माणूस असावा तसा. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो पिळून माझ्यासमोर धरला. डोळे सुजलेले होते, पण हात स्थिर होते.

"ऋता जाणारच म्हणते. हा तिला खांद्यात फार सैल होतो," म्हणाल्या. "तुम्हाला बसतो का बघा."

मी शर्टावरूनच एक हात आत घातला. सूट ओला होता, थंडगार होता... खांद्यात अगदी बरोबर बसला. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.